कुठली क्रूझ आपल्याला झेपेल? वय आणि ताकद बघून निवडायची कशी

नाशिकला कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर आमचा सकाळचा जो ग्रुप आहे त्यात दिवाळीपासून एकच विषय चाललाय, क्रूझ. कोणाचे रिटायरमेंटचे पैसे आलेत, कोणाच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत, कोणाला नातवंडांना घेऊन जायचंय, आणि सगळे येऊन मला एकच विचारतात, "ताई, कुठली कंपनी चांगली?" मी दोन क्रूझ केल्यात, एक साफ चुकली आणि एक अशी जमली की अजून घरात आठवण निघते, त्यामुळे आता माझं पक्कं मत झालंय की हा प्रश्न नंतरचा आहे. कंपन्या बऱ्याचशा चांगल्याच असतात, आपल्याला कुठली झेपेल ते आधी ठरवायचं. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं क्रमाने लिहून काढते.

चुकलेली आधी सांगते. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सहा जण, म्हणजे आम्ही दोघं, माझी आई (तेव्हा ७९ची), मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात, सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो. रेट बरा मिळाला, फोटो छान होते, घेऊन टाकली. जहाज उत्तमच होतं, नात तर उतरायला तयार नव्हती. पण आमची केबिन एका टोकाला आणि जेवणाचा हॉल दुसऱ्या टोकाला, मधलं अंतर आईला एका दमात व्हायचं नाही, लिफ्टपाशी गर्दी, पूलवर दिवसभर स्पीकर, रात्री अकरानंतर कॉरिडॉरमध्ये पोरांची पळापळ. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "तुम्ही जा गं, मला केळं आणि दूध इथेच आणून द्या." तिला समुद्र दाखवायचा म्हणून निघालो होतो आणि तीच खोलीत बसून राहिली, हे मला अजून लागतं. जहाजाचा यात काही दोष नाही, जे विचारायला हवं होतं ते आम्ही विचारलंच नव्हतं.

पहिली पायरी: वय लिहू नका, दिवस लिहा

कागद घ्या आणि बरोबर येणाऱ्या प्रत्येकाचा साधा एक दिवस लिहा. न बसता सलग किती चालवतं, जिने किती चढवतात, दुपारी झोप लागतेच का, रात्री किती वाजता डोळे मिटतात, कानाशी मोठा आवाज असला की डोकं धरतं का, खुर्चीतून उठताना हाताला आधार लागतो का. वयाचा आकडा फसवतो. आमच्या ट्रॅकवर सत्तरी ओलांडलेले एक काका रोज पाच किलोमीटर चालतात आणि माझी पंचेचाळीसची भाची अंबडला कंपनीत शिफ्ट करून इतकी थकते की तिला सुट्टीत फक्त शांत बसायचं असतं. दोघांना एकच क्रूझ कशी चालेल?

मी आपल्या नाशिकच्या हिशोबाने तीन गट पाडलेत, पुढे सगळीकडे तेच वापरते. ब्रह्मगिरी गट म्हणजे जे अजून ब्रह्मगिरी चढून येतात आणि संध्याकाळी पुन्हा कुठे जायचं विचारतात. पांडवलेणी गट म्हणजे पायऱ्या चढतात पण थांबत थांबत, वर गेल्यावर दहा मिनिटं बसल्याशिवाय लेणी बघवत नाहीत. आणि ट्रॉली गट म्हणजे वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला पायऱ्यांऐवजी फ्युनिक्युलर ट्रॉलीनेच जावं लागतं असे. यात लहानमोठं काही नाही, पण स्वतःचा गट खरा सांगा. मुलांसमोर "मला काही होत नाही" म्हणायची आपल्या पिढीला सवय आहे आणि तिथेच पुढचं सगळं गणित चुकतं.

घरातले लोक वेगवेगळ्या गटात असतील, बहुतेक असतीलच, तर अंतरं आणि बंदरं सगळ्यात कमी ताकद असलेल्या माणसाच्या हिशोबाने बघायची, आणि करमणूक सगळ्यात जास्त ताकद असलेल्याच्या हिशोबाने. आमच्याकडे नेमकं याच्या उलट झालं होतं.

दुसरी पायरी: किती रात्री आणि कुठली तारीख

हे मला कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं, कारण जहाज तेच असलं तरी तारीख बदलली की आतली माणसं बदलतात. दोन-तीन-चार रात्रींची क्रूझ, त्यातून शनिवार-रविवार जोडून, म्हणजे तरुण मंडळी, ऑफिसचे ग्रुप, बॅचलर पार्ट्या, रात्री उशिरापर्यंत गाणी. सात रात्रींवर कुटुंबं आणि नवरा-बायको जोड्या जास्त. चौदा किंवा त्याहून जास्त रात्री असल्या की बहुतेक रिटायर्ड लोकच असतात, कारण एवढी रजा नोकरीवाल्याला मिळते कुठे. तेव्हा शांतता हवी असेल तर छोटी क्रूझ घेऊन "ट्रायल करून बघू" हा विचार करताना सांभाळून, कारण सगळ्यात जास्त धांदल त्या छोट्यांवरच असते. ट्रायलच करायची असेल तर आठवड्याच्या मधले वार बघा आणि शाळेच्या सुट्ट्या टाळा.

सुट्ट्या फक्त आपल्या बघून चालत नाही, जहाज जिथून सुटतं तिथल्या पण बघायच्या. सिंगापूरला जूनमध्ये आणि नोव्हेंबर-डिसेंबरला शाळांना मोठी सुट्टी असते, युरोपात जुलै-ऑगस्ट. युरोपात त्या वेळी भूमध्य समुद्राकडे ऊनही फार असतं, रोम-अथेन्सच्या दगडी रस्त्यांवर पांडवलेणी गटाला ते सोसत नाही, त्यापेक्षा मेचा सुरुवातीचा भाग किंवा गणपती झाल्यावर सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर बरं. मुंबईहून निघणार असाल तर नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, म्हणून तेव्हा इथून क्रूझचा विचारच नको. याउलट नातवंडं बरोबर असतील तर सुट्टीतच जा, त्यांना बरोबरीची पोरं भेटतात.

तिसरी पायरी: जहाज केवढं आहे ते पायांनी मोजा

जाहिरातीत मजले आणि रेस्टॉरंटं मोजतात, आपण चालणं मोजायचं. आजची मोठी जहाजं तीनशे मीटरच्या पुढे लांब असतात. रॉयल कॅरिबियनचं २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं आयकॉन ऑफ द सीज ३६५ मीटर लांब आहे, २० डेक म्हणजे मजले, आणि पूर्ण भरलं तर साडेसात हजारांच्या आसपास प्रवासी. केबिन एका टोकाला असेल तर नाश्ता, जेवण, चहा, शो असं धरून दिवसाला दोन-अडीच किलोमीटर चालणं जहाजातच होऊन जातं, आणि बंदरावरचं वेगळं.

पण मोठं जहाज म्हाताऱ्या माणसांना वाईटच असंही नाही, हे मला नंतर उमगलं. मोठ्या जहाजाला लिफ्ट भरपूर, डॉक्टर आणि दवाखाना असतो, लाटांवर हलतं कमी, व्हीलचेअरसाठी रुंद दाराच्या केबिनी असतात, आणि तीन पिढ्या बरोबर असतील तर नात स्लाईडवर, आजी लायब्ररीत, सगळे आपापल्या जागी खूश राहू शकतात. फक्त केबिन लिफ्टजवळ पाहिजे. कंपनीच्या साईटवर प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यांचा नकाशा असतो, तो मोठा करून बघा किंवा मुलांना दाखवायला सांगा, आपली केबिन, लिफ्ट आणि जेवणाचा हॉल यावर पेनाने खुणा करा. आम्ही हे केलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

लहान जहाजात, म्हणजे हजाराच्या आतले प्रवासी, चालणं कमी, गर्दी कमी, नोकरवर्ग दोन दिवसांत नावानिशी ओळखायला लागतो. पण समुद्र जरा जास्त जाणवतो, संध्याकाळी करण्यासारखं कमी असतं आणि भाडं जास्त.

चौथी पायरी: बंदर कुठलं आणि उतरायचं कसं

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

जहाज बंदराला दोन प्रकारे लागतं. एक तर सरळ धक्क्याला, म्हणजे फळीवरून चालत खाली. दुसरं म्हणजे लांब समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा, खलाशी हात देतात पण गुडघा आपलाच वापरायचा असतो, व्हीलचेअरवाल्यांना बऱ्याचदा नाहीच म्हणतात, आणि समुद्र खवळला तर ते बंदरच रद्द होतं. लक्षद्वीपला असंच छोट्या बोटीतून बेटावर जावं लागतं. ट्रॉली गटातलं माणूस बरोबर असेल तर रूटमधली किती बंदरं टेंडरवाली आहेत हे बुकिंगच्या आधी विचारा.

मग बंदरापासून गाव किती लांब. यादीत "रोम" लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिविटावेक्कियाला, तिथून रोम साधारण ८० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास बसमध्ये आणि मधल्या वेळात पळत पळत कोलोसियम. फ्लॉरेन्सचं तसंच, बंदर लिव्होर्नो. अथेन्सचं पिरेयस त्या मानाने जवळ आहे. सँटोरिनीला तर आधी टेंडर, मग वर गावात जायला केबल कार नाहीतर जवळपास सहाशे पायऱ्या, आणि दोन-तीन जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारची रांग कुंभमेळ्यासारखी. भूमध्य समुद्राच्या सात रात्रींत पाच-सहा बंदरं असतात, रोज सकाळी सातला तयार. ब्रह्मगिरी गटाने जरूर जावं, पांडवलेणी गटाने एक आड एक दिवस उतरायचं ठरवून जावं. जहाज रिकामं असतं तो दिवस फार सुखाचा जातो.

ट्रॉली गटाला मला अलास्का सगळ्यात योग्य वाटतं. खर्च जास्त आहे, अमेरिकेचा व्हिसा लागतो, व्हँकुव्हरहून निघत असेल तर कॅनडाचापण, म्हणजे तयारी वर्षभर आधीपासून. पण ग्लेशियर बे या तिथल्या नॅशनल पार्कच्या दिवशी जहाज कुठे थांबत नाही, दिवसभर हिमनद्यांसमोरून हळू फिरतं, पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती सांगतात आणि आपण शाल गुंडाळून खुर्चीत बसून सगळं बघायचं. नॉर्वेच्या फियॉर्डचंही, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्यांचंही तसंच, बघण्यासारखं सगळं जहाजाच्या दोन्ही बाजूला. जे चालू शकत नाहीत त्यांना खिडकीतून सगळ्यात जास्त कुठे दिसेल, हे बघून रूट निवडा.

पाचवी पायरी: आता कंपन्यांची नावं

आपल्या सगळ्यात जवळची म्हणजे कॉर्डेलिया, मुंबईहून. त्यांचं एम्प्रेस हे जहाज १९९० सालचं आहे, आधी रॉयल कॅरिबियनकडे होतं, २०२१ च्या सप्टेंबरपासून इथे चालू झालं. मुंबई-गोवा, लक्षद्वीप, कोची असे रूट. विमान नाही, परदेशाचा व्हिसा नाही, जेवण आपलं, भाषा आपली, आणि आजच्या मानाने जहाज लहान त्यामुळे चालणं कमी. पहिल्यांदा जाणाऱ्याला बरं, फक्त वर सांगितलं तसं वार आणि सुट्ट्या बघून.

सिंगापूरहून दोन मोठे पर्याय. रॉयल कॅरिबियन ही हालचालीच्या लोकांची, त्यांच्या क्वांटम क्लासच्या जहाजांवर हवेत तरंगायचं आयफ्लाय, लाटांवरचं फ्लोरायडर, क्लाइंबिंगची भिंत असं सगळं असतं, म्हणजे कॉलेजची पोरं, नातवंडं आणि ब्रह्मगिरी गट. दुसरं गेंटिंग ड्रीम, ते २०२२ पासून तिथून चालतं, कंपनीचं नाव आधी रिसॉर्ट्स वर्ल्ड होतं, २०२५ पासून स्टारड्रीम झालंय, आशियाई कुटुंबं जास्त आणि भारतीय शाकाहारी, जैन जेवणाची सोय, त्यामुळे गुजराती-मारवाडी ग्रुप बरेच भेटतात. दोन्हीकडे सुट्टीत गजबज असतेच. जहाज सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा.

एमएससी आणि कोस्टा या मूळ इटालियन धाटणीच्या, भूमध्य समुद्रात भरपूर जहाजं, भाडं बरं, सगळ्या वयाची कुटुंबं, अनाउन्समेंट पाच-सहा भाषांत. नॉर्वेजियनची फ्रीस्टाईल पद्धत, जेवायची ठरलेली वेळ नाही आणि ठरलेले कपडे नाहीत, ज्यांना घड्याळाचा कंटाळा आलाय त्यांना आवडते. सेलिब्रिटी मधली, चाळीस ते साठमधल्या जोडप्यांना जमणारी, जरा नीटनेटकी. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका या शांत, थोड्या मोठ्या वयाच्या. हॉलंड अमेरिका तर १८७३ पासूनची कंपनी आहे, संध्याकाळी लाईव्ह म्युझिक ऐकत बसणारे लोक, आणि दोन्ही अलास्कासाठी चांगल्या. पंचावन्नच्या पुढच्या पांडवलेणी गटाने इथूनच बघायला सुरुवात करावी असं मी म्हणेन.

वायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर अठराच्या खाली कोणी नाही, कॅसिनो नाही, हजाराच्या आत प्रवासी, आणि प्रत्येक बंदरावर एक फेरफटका भाड्यातच धरलेला. इतिहास, म्युझियम, व्याख्यानं यात रमणाऱ्यांसाठी. महाग आहे पण वरचे खर्च कमी होतात. ब्रिटनच्या पी अँड ओची आर्केडिया आणि ऑरोरा ही दोन जहाजं पण फक्त मोठ्यांची. मात्र "फक्त मोठ्यांची" वाचून शांत असेल असं धरू नका, व्हर्जिन व्हॉयेजेसपण अठराच्या पुढच्यांचीच आहे आणि तिथला माहोल रात्रभर नाचणाऱ्यांचा.

वय झालंय पण ताकद भरपूर आहे असे जे असतात, ट्रेकिंगवाले, पक्षी बघणारे, त्यांच्यासाठी एक्स्पिडिशन क्रूझ म्हणून वेगळाच प्रकार असतो. अंटार्क्टिकाला पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असलेली जहाजं माणसं उतरवत नाहीत, एका जागी एका वेळी शंभरच जणांना उतरू देतात, म्हणून लहान जहाज घ्यावं लागतं. रबरी झोडियाक बोटीत चढ-उतर रोज दोनदा. सत्तरीतली माणसंही जातात पण गुडघे आणि तोल पक्के हवेत.

लहान बाळ किंवा गरोदर बाई बरोबर असेल तर बहुतेक मोठ्या क्रूझ कंपन्यांचे नियम असे असतात की सहा महिन्यांखालचं बाळ घेत नाहीत, आणि चोविसावा आठवडा लागलेल्या बाईला घेत नाहीत. किड्स क्लबमध्येही साधारण तीन वर्षांपुढची, डायपर सुटलेली पोरंच घेतात, सुनेला मोकळा वेळ मिळेल असं धरून चाललात तर हे आधी बघा.

सहावी पायरी: नदीची क्रूझ, आमची जमलेली

चुकलेल्या क्रूझनंतर दोन वर्षांनी आम्ही दोघंच ऱ्हाईन नदीवर गेलो, बाझल ते अ‍ॅमस्टरडॅम, आठ दिवस. दीड-पावणेदोनशे माणसं, लाटांनी मळमळायचा प्रश्नच नाही, दोन्ही काठ सतत दिसतात, आणि बोट थांबते ती गावाच्या मध्यातच. कोलोनला उतरलो तर चर्च चालत काही मिनिटांवर, अहो त्याच्या मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढून गेले आणि मी खाली चौकात कॉफी घेऊन बसले, दोघंही खूश. कोब्लेन्झच्या वरच्या भागात नदीकाठच्या डोंगरांवर एकामागे एक किल्ले येतात, ती दुपार आम्ही वरच्या डेकवर अख्खी बसून काढली. रात्री दहाला सगळी बोट झोपलेली असायची.

पण नदीची क्रूझ म्हणजे म्हाताऱ्यांची क्रूझ असं जे समजतात ते बरोबर नाही, हे मी ट्रॅकवर सगळ्यांना आवर्जून सांगते. रोज दोन-तीन तासांची चालत टूर असते, गोट्यांचे दगडी रस्ते असतात. बोटीतल्या लिफ्ट बऱ्याचदा वरच्या सन डेकपर्यंत जात नाहीत. धक्क्यावर जागा नसली की बोटी एकमेकींना लागून उभ्या करतात, मग आपल्या बोटीतून दुसऱ्या बोटीत आणि तिथून जमिनीवर असं जावं लागतं. पांडवलेणी गटाला उत्तम, ट्रॉली गटाला विचारून. काही कंपन्या, उदाहरणार्थ अमावॉटरवेज, हळू चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप करतात, ते फार उपयोगी. अजून एक, ऱ्हाईनला कडक उन्हाळ्यात पाणी कमी होतं, २०१८ आणि २०२२ मध्ये झालं तसं, मग मधला टप्पा बसने नेतात, सामानाची उचलाउचल होते. मे-जून बरा.

आपल्याकडे गंगा विलास आहे, १३ जानेवारी २०२३ ला वाराणसीहून दिब्रुगडला निघाली ती पहिली फेरी ५१ दिवसांची आणि ३,२०० किलोमीटरची होती, जागा फक्त ३६ प्रवाशांची. एवढं लांब नको असेल तर गंगेवर आणि ब्रह्मपुत्रेवर थोड्या दिवसांच्या फेऱ्याही असतात.

सातवी पायरी: केबिन आणि बोट लागणं

ज्यांना कसारा घाटात गाडी लागते त्यांनी जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन मागायची, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. वरची, पुढच्या टोकाची बाल्कनीवाली महाग असते आणि नेमकी तीच जास्त हलते. केबिनच्या वरती पूल, डिस्को किंवा किचन नाही ना, हेही डेक प्लॅनवर दिसतं, वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनीच असतील तर झोप लागते.

बाल्कनी कोणाला? ट्रॉली गटाला नक्की. जो माणूस दिवसातला बराच वेळ खोलीत राहणार आहे त्याच्यासाठी पैसे टाका, तरुणांना आतली बिनखिडकीची चालते, ते झोपायलाच येतात. आम्ही आईला बिनखिडकीची दिली होती. बिनखिडकीच्या खोलीत रात्री इतका मिट्ट काळोख असतो की बाथरूमला उठताना माणूस पडू शकतं, छोटा नाईट लॅम्प बरोबर न्या. बाथरूमला उंबरठा आहे का, धरायला दांडा आहे का, हे विचारायला लाजू नका.

अ‍ॅव्होमिनसारखी गोळी प्रवास सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर नाही. पण तिने गुंगी येते, वयस्कर माणसाचा तोल जाऊ शकतो, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर त्रास वाढू शकतो, म्हणून आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच. सोबत आलेपाक ठेवा, काहींना त्याने बरं वाटतं. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो, बिल डॉलरमध्ये येतं, तेव्हा ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना बीपी, शुगर, बायपास जे असेल ते सगळं लिहा आणि जहाजावरून हलवायची वेळ आली तर तो खर्च त्यात आहे का ते बघा.

आठवी पायरी: जेवण आणि वरचे पैसे

मोठ्या जहाजांवर मेन हॉलमध्ये बऱ्याचदा दोन पंगती असतात, एक संध्याकाळी सहाच्या आगेमागे आणि दुसरी आठनंतर. डायबेटिसवाल्यांनी आपल्या सवयीची मागून घ्या, जैन किंवा उपासाचं हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर टिप म्हणून माणशी रोज साधारण १५ ते २० डॉलर वेगळे लावतात, म्हणजे दोघांचे सात रात्रींचे दोनशेच्या वर तेवढेच झाले. वायफाय वेगळं, दारू-कोल्ड्रिंक वेगळं, बंदरावरच्या टूर वेगळ्या.

एकट्याने जाणाऱ्यांना खास सांगते, कारण आमच्या ग्रुपमध्ये अशा दोघी आहेत. भाडं दोघांच्या हिशोबाने असतं, एकटीला केबिनचं जवळपास दुप्पट पडू शकतं. नॉर्वेजियनने २०१० मध्ये एपिक जहाजावर एकट्यांसाठी स्टुडिओ केबिनी काढल्या, आता इतरही काही कंपन्यांकडे आहेत, पण थोड्याच असल्याने लवकर संपतात. नाहीतर दोघींनी मिळून एक केबिन घ्या, फक्त एक पहाटे उठणारी आणि एक रात्री जागणारी अशी जोडी नको.

नववी पायरी: बुकिंगवाल्याला काय विचारायचं

कॉलेज रोडला, शरणपूर रोडला कुठेही गेलात तरी आधी कॅटलॉग उघडू देऊ नका. आपला कागद पुढे ठेवा आणि विचारा: या तारखेला कुठल्या देशाच्या शाळेला सुट्टी आहे? एखादी मोठी ग्रुप बुकिंग, लग्न किंवा कंपनीचं कॉन्फरन्स या फेरीवर आहे का? टेंडरची बंदरं किती? जहाज पूर्ण दिवस समुद्रातच असतं असे दिवस किती? केबिन नंबर आत्ता मिळतोय की नंतर कंपनी देईल? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण स्वस्त रेटमध्ये बऱ्याचदा केबिन कंपनीच्या मर्जीने मिळते, आणि मग लिफ्टजवळची मिळेलच असं नाही. आमचं तेच झालं होतं. व्हीलचेअर हवी असेल तर विमानतळाला वेगळी, टर्मिनलला वेगळी, जहाजाला वेगळी सांगावी लागते, एकदा सांगून तिन्हीकडे पोचत नाही.

हे प्रश्न विचारल्यावर जो माणूस "काही काळजी करू नका काकू, सगळं मस्त आहे" एवढंच म्हणतो, तिथून उठा. जो कॉम्प्युटरवर बघून खरं उत्तर देतो तिथे पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील.

दहावी पायरी: नाशिकहून निघताना

जहाज कोणासाठी थांबत नाही. सिंगापूर असो की युरोप, एक दिवस आधीच पोचा, आपल्याला इथून आधी मुंबई गाठायची असते आणि घाटात ट्रॅफिक लागला की काही सांगता येत नाही, समृद्धी महामार्ग झाल्यापासून बरंच सोपं झालंय तरी. मुंबईहून क्रूझ असेल तर नाशिक रोडहून सकाळी सातच्या सुमाराची पंचवटी एक्स्प्रेस धरून सीएसएमटीला उतरलं की बॅलार्ड पियर, म्हणजे जिथून क्रूझ सुटतात तो धक्का, टॅक्सीने जवळच आहे, पण मी तरी आदल्या रात्री मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम करीन, विशेषतः ट्रॉली गट बरोबर असेल तर. सकाळी चारला उठून प्रवास आणि त्यावर टर्मिनलच्या रांगा म्हणजे पहिला दिवस गेलाच. जहाजावर चढल्यावर सेफ्टी ड्रिल सगळ्यांना करावं लागतं, त्यात आपली जमायची जागा कुठे आहे ती ट्रॉली गटातल्या माणसाला बरोबर नेऊन दाखवून ठेवा.

आणि मोठ्या बॅगा टर्मिनललाच घेतात, त्या केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. तेव्हा सगळी औषधं, चष्मा, एक जोडी कपडे, स्वेटर आणि थोडा खाऊ हातातल्या पिशवीत ठेवा. आता येत्या फेब्रुवारीत आम्ही आईला घेऊन पुन्हा जातोय, मुंबईहूनच, मंगळवारी निघणारी, मधल्या भागातली बाल्कनी, लिफ्टपासून चौथं दार. तिची पिशवी तिने आत्ताच भरायला घेतलीय.